हक्कसोडपत्राचे उरलेले पंधरा दिवस

प्रश्न : वडील मृत्युपत्र न करता गेले, आई त्याआधीच. शहरातल्या जुन्या घरात मी राहतो. दोन्ही बहिणींनी माझ्या नावे एकाच हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, नोटरीही झाली. थोरलीच्या सहीला साडेपाच महिने झाले, धाकटीच्या सहीला साडेतीन. मग मी मधल्या अंधाऱ्या खोल्या काढून एक मोठी, उजेडाची खोली करायला घेतली. जिन्यावर काचेचं छत येणार आहे. आता धाकटीची वकिलामार्फत नोटीस आली : माझा तिसरा हिस्सा कायम आहे, काम थांबवा. ती असं करू शकते का?

उत्तर : बहिणींना हिस्सा होता का, यावर जागा घालवत नाही. होता, म्हणून तर तुम्ही सोडपत्र लिहून घेतलंत. तुमच्या पत्रात निर्णायक गोष्ट एकच आहे. दस्ताची नोंदणी झालेली नाही आणि धाकटीच्या सहीपासूनचे चार महिने संपायला जेमतेम पंधरा दिवस उरलेत.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगूनही तेच पत्र पुन्हा येतं, तेव्हा संताप येतो. आर्किटेक्टकडे, फरशीवाल्याकडे चकरा मारायला तुम्हाला सवड होती. दुय्यम निबंधकाकडे जायला अर्धा दिवस मिळाला नाही? नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ नुसार असा दस्त नोंदवावाच लागतो. न नोंदवल्यास कलम ४९ प्रमाणे त्या कागदाने मिळकतीतला हक्क हलत नाही.

मुदत कलम २३ मध्ये आहे : सही झाल्यापासून चार महिने. सह्या वेगवेगळ्या दिवशी झाल्या असतील तर कलम २४ प्रमाणे प्रत्येक सहीची मुदत वेगळी मोजतात. थोरलीची उलटली आहे. कलम २५ खाली आणखी चार महिन्यांपर्यंत, नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत दंड भरून अर्ज करता येतो, पण उशिराला तातडीची अडचण किंवा टाळता न येणारं कारण दाखवावं लागतं. घराचं काम चालू होतं हे कारण निबंधक मानतील, असं मी म्हणणार नाही. मात्र थोरली अजून तुमच्या बाजूने असेल तर तिच्याकडून नवा दस्त करून घेऊन लगेच नोंदवा. खर्च पुन्हा होईल, होऊ द्या.

धाकटी दुसऱ्यांदा सही करणार नाही. म्हणून तिची सही असलेला मूळ दस्त याच आठवड्यात सादर करा. सादर करायला ती बरोबर असावी लागत नाही. दस्ताने ज्याला हक्क मिळतो तोही सादर करू शकतो. ती स्वतःहून येत नसेल तर कलम ३६ प्रमाणे तिच्यावर समन्स काढण्याची लेखी मागणी त्याच वेळी द्या. ती आली आणि सही आपलीच असल्याचं कबूल केलं, तर केवळ मन बदललं म्हणून नोंदणी अडायला नको. सही नाकारली तर दुय्यम निबंधक नोंदणी नाकारतील. त्या आदेशापासून ३० दिवसांत कलम ७३ खाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करा. तिथेही नकार मिळाला तर पुन्हा ३० दिवसांत, कलम ७७ खाली, दिवाणी दावा. या मुदतींत एका दिवसाचीही ढिलाई नको.

एवढी घाई करायला लावतोय ती कलम ४७ साठी. नोंदवलेला दस्त नोंदणीच्या नव्हे, सहीच्या तारखेपासून लागू होतो. तुम्ही भिंती पाडल्या त्या सह्यांनंतर. दोन्ही सोडपत्रं नोंदली गेली तर नोटिशीचा पायाच जातो. थोरलीचा दस्त नवा झाला तर तो त्याच्या तारखेपासून लागू होईल, पण भांडण तिच्याशी नाहीच.

मुदत चुकली तर मग कौटुंबिक व्यवस्था झाली होती, धाकटीने डोळ्यांदेखत खर्च होऊ दिला, वगैरे मुद्दे मांडावे लागतील. ते अगदीच कुचकामी नाहीत, पण त्यावर निकाल काय लागेल हे आज कोणी सांगू शकणार नाही. वाटपाचे दावे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालतात. तेवढा काळ सहहिस्सेदाराच्या संमतीशिवाय केलेल्या तोडफोडीवर मनाई हुकूम राहिला, तर अर्धवट घरात तुम्हालाच राहावं लागेल.

मूळ कागद मी पाहिलेला नाही. मुद्रांक कमी पडला असेल, किंवा मजकूर सोडपत्रापेक्षा बक्षीसपत्रासारखा असेल, तर हिशेब बदलतो; सादर करण्यापूर्वी स्थानिक वकिलाला तो दाखवा. भिंती आणि छताच्या बदलाला महापालिकेची परवानगी लागते का, तेही त्याच भेटीत विचारा, कारण नोटीस देणारी बहीण उद्या तिथेही तक्रार करील.

दिवाणी न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट आजच दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता एकतर्फी मनाई मिळणार नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकते. दस्त सादर होईपर्यंत एकही नवी भिंत पाडू नका. उघडं पडलेलं छत मात्र झाकून घ्या, आणि आतापर्यंतच्या कामाची बिलं व पैसे दिल्याच्या नोंदी तारखेवार लावून ठेवा.