जळगावहून सुरतेला पोरांना घेऊन पहिल्यांदाच निघताय ना ताई?

मोबाईल पहिल्या तासात हातात देऊ नका. हलत्या गाडीत खाली मान घालून स्क्रीन बघितली की मळमळतं, आणि पुढे कोंडाईबारीचा घाट आहे. माझ्या धाकटीला तिथेच उलटी झाली होती. तेव्हापासून घाटाआधी तिचं डोकं वर, नजर समोरच्या रस्त्यावर, काच थोडी खाली.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालतो तो नंबरप्लेटचा खेळ. एमएच १९ आपलं जळगाव, १८ धुळे, ३९ नंदुरबार. जो आधी ओळखेल त्याला एक गुण, जीजे किंवा एमपी दिसली तर दोन. एरंडोल, पारोळा सोडेपर्यंत १९ चाच सुकाळ असतो, मग हळूहळू १८ वाढायला लागतात. जिल्हा बदलला हे पोरांना पाटी न वाचताच कळतं! मोठ्याला वहीत रेघा मारायला बसवू नका, पुन्हा खाली मान. गुण तुम्हीच लक्षात ठेवा. साक्री तालुक्यात पवनचक्क्या दिसल्या की मोजायला लावा.

कंटाळली की गावांच्या नावांच्या भेंड्या. आजी सोबत असेल तर तिला अहिराणीत कोडी घालायला सांगा, पोरं अर्धी समजतात आणि तरी हटत नाहीत.

खायला मुरमुरे-फुटाणे आणि केळी. तेलकट नको. दीड-दोन तासांनी गाडी थांबवून त्यांना दहा मिनिटं पळू द्या, हे अजिबात टाळू नका. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक निघण्याआधी स्वतः तपासा.