काळविटांचे कळप, लांडगा मात्र एखादाच

प्रश्न : हरभरा घाट्यावर आला की आमच्या शिवारात काळविटांचे कळप उतरतात. लांडगा मात्र वर्षाकाठी एखाद्या वेळी, तोही लांबूनच दिसतो. मारले गेले म्हणून लांडगे कमी झाले, की मुळातच कमी असतात? दुसरं असं, की शेण, पालापाचोळा, मेलेलं जनावर सगळं शेवटी मातीतच जातं. मग त्यातली ताकद पिकाला पुन्हा मिळतच असेल ना?
– एक शेतकरी वाचक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : दादा, तुमच्या पहिल्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माळरानं नांगराखाली गेली, आणि शेळ्यामेंढ्या उचलतो या रागापायी लांडगे मारलेही गेले. त्याचं मला फार वाईट वाटतं. पण कुणी एकही लांडगा मारला नसता, तरी तो काळविटांपेक्षा कमीच राहिला असता.

काळवीट चरतं, त्यातलं बरंचसं लेंड्यांवाटे बाहेर पडतं. जे पचतं ते पळण्यात, श्वास घेण्यात आणि रक्त गरम ठेवण्यात खर्च होतं. सस्तन प्राण्याच्या अंगी लागतात ते पचलेल्या ऊर्जेच्या शंभर भागांतले जेमतेम दोन-तीन. लांडग्याच्या वाट्याला यायचं ते यातूनच. कालव्याच्या टेलला पाणी पोचता पोचता जे होतं, तेच इथे होतं. अळीला अंग गरम ठेवावं लागत नाही, म्हणून तिच्या अंगी कितीतरी जास्त लागतं. घाटेअळी बघता बघता पोसते, आणि हरभऱ्यात पक्षीथांबे लावले की कोतवाल, साळुंक्या तिथे पोटभर टिपत राहतात, ते यामुळेच.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला रेमंड लिंडेमन या तरुण अमेरिकी संशोधकाने, मिनेसोटातल्या सीडार बॉग नावाच्या लहानशा तळ्यावर. परीक्षकांनी त्याचा लेख आधी नाकारला होता. १९४२ साली तो छापून आला, पण त्याआधीच वयाच्या २७व्या वर्षी लिंडेमन गेला. हे वर्गात सांगताना माझा आवाज दरवेळी जड व्हायचा. पुस्तकात जो ‘दहा टक्क्यांचा नियम’ असतो, त्याचं मूळ या कामात आहे : गवत, काळवीट, लांडगा अशा एकमेकांना खाणाऱ्यांच्या पायऱ्या धरल्या, तर एका पायरीवरची साधारण दहावा भाग ऊर्जा पुढच्या पायरीवर जाते. हा ठोकताळा आहे, दगडावरची रेघ नव्हे. कुठे पाच टक्के भरते, कुठे वीस.

आणि मुळात पहिली पायरीच किती लहान! पानावर पडणाऱ्या उन्हातला सरासरी एखादा टक्काच वनस्पती धरून ठेवते. आपल्याकडे तर वैशाखात आग ओकणारं ऊन आणि माळ उघडाबोडका. पाणी नाही म्हणून हिरवं पान नाही, आणि पान नाही म्हणून एवढं ऊन कुणाच्याच पोटात जात नाही. मराठवाड्यात उन्हाची वाण कधीच नव्हती. पाऊस दडी मारतो तेव्हा गवत खुरटतं, मग हरणांची पाडसं जगत नाहीत, आणि सर्वांत वरच्या लांडग्याला पाय ठेवायला जागा उरत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तो मला जास्त आवडला. माघातल्या पहाटे उकिरडा हातभर उकरून बघा. वाफ निघते, आतल्या खताला हात लावून ठेववत नाही. ज्वारीने पावसाळ्यानंतर धरलेलं ऊन कडब्यात आलं, कडब्यातून बैलात, बैलातून शेणात. त्या शेणावर जगणारे जीवाणू आणि बुरशी उरलीसुरली ऊर्जा वापरतात, आणि ती ऊब होऊन हवेत निघून जाते. गेली ती गेली, कुठलंही पीक तिला परत धरू शकत नाही. मागे राहतं ते नत्र, स्फुरद, पालाश. ते मात्र मुळांवाटे पुन्हा पिकात येतं, पुन्हा जनावरात, पुन्हा शेणात. तेव्हा खत पिकाला ताकद देतं असं आपण म्हणतो, पण देतं ते अन्नद्रव्य. ताकद पिकाला दरवर्षी नव्या उन्हातूनच घ्यावी लागते.

म्हणूनच कापसाच्या पऱ्हाट्या बांधावर पेटवू नका, ही माझी कळकळीची विनंती. त्यातली ऊर्जा घटकाभरात जाते, नत्रही धुराबरोबर जातं, राखेत राहिलं तर स्फुरद-पालाश. त्याच पऱ्हाट्या बारीक करून रानात गाडल्या, तर जाणारी ऊर्जा जाताजाता गांडुळांना आणि जीवाणूंना कित्येक महिने पोसते.