ऐकू येतं गं, कळत नाही

प्रिय पोरी,

काल तुझा फोन ठेवला आणि घरी पोचेपर्यंत त्या लालबागच्या आजीच डोक्यात होत्या. तू म्हणालीस, ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीतला आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख, फारसा वाईट नाही. आजींचं एकच पालुपद, "ऐकू येतं गं, कळत नाही." सून म्हणाली नाटक करतात, आणि क्षणभर तुलाही तसंच वाटलं. कबूल केलंस हे बरं केलंस.

तो ग्राफ पुन्हा काढ. 1000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या पट्टीत, ठीक, पुढे उंच आवाजांकडे उतार. आपले अ, आ, उ हे स्वर खालच्या पट्टीत असतात, जोरकस असतात. म्हणून कुणीतरी बोलतंय हे आजींना स्वच्छ कळतं. पण स, श, थ यांचा सगळा जीव वरच्या पट्टीत, आणि तोही नाजूक. 'काल' आणि 'खाल' यांत फरक काय, तर हवेचा एक झोत, सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही नाही. तो पकडणाऱ्या आतल्या केशपेशी, म्हणजे आवाज टिपून मेंदूकडे धाडणाऱ्या बारीक केसांच्या पेशी, एका कानात जेमतेम साडेतीन हजार. वयाबरोबर पडझड सुरू होते ती उंच आवाज टिपणाऱ्या टोकाकडून, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. कानाचं मशीन आवाज मोठा करील. नेमकेपणा कुठून आणेल?

उरलेलं काम मेंदू अंदाजाने करतो. 1970 साली रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञांनी रेकॉर्ड केलेल्या वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला घातला. ध्वनी गाळलाय हे ऐकणाऱ्यांच्या लक्षातच आलं नाही, मेंदूने तो परस्पर भरून काढला होता. तू रोज हेच करतेस. गर्दीत 'पुढील स्थानक दा…' एवढंच कानावर पडतं आणि तू दाराकडे सरकतेस. आजींना मात्र प्रत्येक वाक्यात असं गाळलेल्या जागा भरत बसावं लागतं. सगळं लक्ष त्यातच खर्च होतं, मग आधी काय बोललं गेलं ते लक्षात ठेवायला उरतं काय? हळदीकुंकवातून अर्ध्या तासात उठून जातात त्या रागाने नव्हे, थकून.

याची उलटी बाजू मी चुकून शिकले. नवी होते तेव्हा चार वर्षांचा मुलगा आला. कान उत्तम. रिपोर्टवर 'श्रवण सामान्य' लिहिलं आणि आईला सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, बोलेल. दोन वर्षांनी ती परत आली, शाळेने 'मठ्ठ' ठरवलेलं पोर घेऊन. आवाज सगळे पोचत होते, भाषा बसत नव्हती. विकासात्मक भाषादोष म्हणतात त्याला. तेव्हा मला तो ओळखताच आला नाही. ती आई ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

स्ट्रोकनंतरचे पेशंट तू पाहिलेसच. हॉर्न वाजला की वळून बघतात, पण बायकोचं बोलणं परक्या भाषेसारखं. वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी 1874 मध्ये असेच रुग्ण नोंदवले होते.

आणि एक, जन्मतः बहिरं बाळ आलं तर 'बघू सहा महिन्यांनी' हे तोंडातून काढायचं नाही. पहिली तीन-साडेतीन वर्षं सोन्याची. आवाज आलाच नाही तर मेंदूतली ती जागा नजर आणि स्पर्श वापरायला लागतात, मग उशिरा बसवलेल्या इम्प्लांटला (शस्त्रक्रियेने कानात बसवून थेट नसेला संकेत देणाऱ्या यंत्राला) तिथे पाय रोवणं जड जातं. एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेतल्या इम्प्लांटचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे. पत्ता त्याच दिवशी आईबापांच्या हातात पडला पाहिजे.

सोमवारी आजी येतील तेव्हा नुसते चाचणीचे एकसुरी 'बीप' वाजवू नकोस. गोंगाटात वाक्यं ऐकव, मराठी वाक्यं. आणि सुनेला बाहेर बसवू नकोस. तिच्या दोन्ही कानांत इअरप्लग घाल, कॉरिडॉरचं दार उघडं ठेव, आणि पाठमोरी होऊन तिला घरचा बाजारहाट सांग. पाच मिनिटं पुरतील.

तुझी,
मॅडम