बारा बोरच्या गनमध्ये वीसचं काडतूस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आजोबांची १२ बोरची दुनळी आता माझ्या लायसनवर आहे. शेत उमरेडकडं, रानडुकरं आणि रोह्यांचा लय त्रास, म्हणून पिकाच्या राखणीसाठी ठेवलीय. निवडणुकीत जमा केलेली गन ठाण्यातून परत आणली, तेव्हा कपाटात वारलेल्या काकांचा डबा सापडला. त्यात काही काडतुसं लाल आहेत, काही पिवळी, जरा बारीक. पिवळं घालून पाहिलं तर सैल आत जाते. भाऊ म्हणतो लहान आहे तर बार कमजोर होईल, बाकी काय होते? – एक वाचक, नागपूर

उत्तर: भावाचं बिलकुल ऐकू नका, आणि पिवळी आधी त्या डब्यातून बाजूला काढा. ती बहुतेक २० बोरची आहेत. १२ मध्ये मिसळू नयेत म्हणूनच कंपन्यांनी २० ला पिवळा रंग ठेवलाय. पण जुन्या मालात रंगाचा भरवसा नाही, बुडाच्या पितळेवर आकडा असतो तो चष्मा लावून वाचा.

पुष्कळांना वाटते २० म्हणजे १२ पेक्षा मोठं. उलट आहे. एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या पाडल्या तर एक गोळी जेवढी जाड तेवढी १२ बोरची नळी, साधारण १८.५ मिमी. २० पाडल्या की गोळी बारीक होणारच, ती नळी १५.६ मिमीची.

आता तुम्ही जे "सैल जाते" लिहिलंय ना, सगळा धोका तिथंच आहे. जे काडतूस आत जातच नाही त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पण २० चं काडतूस १२ च्या चेंबरमधून (नळीचा मागचा रुंद भाग, जिथं काडतूस बसते) घसरत पुढं जाते आणि चेंबर संपून नळी जिथं अरुंद होते तिथं त्याची पितळी कड अडकून बसते, ना पुढं पडत ना मागून हाताला लागत. खटका दाबला तर नुसतं खट् होते, कारण पिन त्याच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीपर्यंत पोचतच नाही. माणसाला वाटते अरे भरायचंच राहिलं, रात्रीची वेळ, समोर डुकरांचा कळप, मग तो घाईघाईत मागून १२ चं काडतूस भरतो आणि ते अगदी बरोबर बसते, चेंबर तर मोकळंच आहे! शंका यायला जागाच नाही. मग बार होतो आणि मागचे छर्रे थेट पुढच्या काडतुसावर जातात, कधी कधी तेही फुटते. १२ बोरच्या काडतुसाचा दाब चौरस इंचाला साडेअकरा हजार पौंडांपर्यंत धरलेला असतो, वाट बंद झाली की तो कितीतरी वर जातो आणि नळी तिथंच फाटते. डावा हात नेमका त्याच्या आसपास असतो. बोटं जातात, डोळाही जाऊ शकतो.

म्हणून शेतात जाताना खिशात एकाच बोरची काडतुसं ठेवा. बार झाला नाही तर गन सुरक्षित दिशेला धरून मिनिटभर थांबा, दारू कधी उशिरा पेटते. मग उघडा, रिकामी करा, आणि मागच्या बाजूनं दोन्ही नळ्यांतून उजेड आरपार दिसतो का पाहा. बार नुसता फुस्स झाला तरी हेच करायचं, काडतुसातला बूच (दारू आणि छर्र्यांच्या मधला) नळीत अडकलेला असू शकतो आणि त्यावर दुसरा बार केला तर परिणाम तोच.

आणि हो, राखणीची गन म्हणजे शिकारीची परवानगी नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा तुम्हाला माहीतच असेल.

प्रश्न: माझ्या जुन्या विलायती १२ बोरमध्ये तीन इंची काडतूस आरामात बसते. मग वापरायला काय हरकत?

उत्तर: हरकत मोठी आहे. काडतुसाची लांबी पुढचं दुमडलेलं तोंड उघडल्यावरची, म्हणजे बार झाल्यानंतरची मोजतात. तीन इंची (७६ मिमी) बंद असताना आखूड असते म्हणून ६५ किंवा ७० मिमीच्या चेंबरमध्येही बसते, पण बार होताना तोंड उघडायला जागा उरत नाही, ते अरुंद भागात शिरते आणि दाब वाढतो. जुन्या विलायती गन पुष्कळशा ६५ मिमीच्याच. नळ्या काढून खालची बाजू बघा, १९२५ नंतरच्या इंग्लिश गनवर चेंबरची लांबी ठोकलेली असते. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुन्या पद्धतीची नळी असू शकते, चांगल्या कारागिराला दाखवेपर्यंत एकही बार नको. माझं विचाराल तर ती भिंतीवरच शोभते.

प्रश्न: पिवळ्या काडतुसांचं करायचं काय? (पहिलेच वाचक)

उत्तर: लायसन १२ बोरचं आहे, तर २० ची काडतुसं घरात ठेवायचा हक्क तुम्हाला नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे जवळच्या ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडं लवकरात लवकर जमा करा, पावती मागून घ्या. काकांच्या लायसनची झेरॉक्स असली तर सोबत न्या, प्रश्न कमी विचारतील. नाग नदीत, फुटाळा तलावात, कचरागाडीत काहीच टाकू नका, आणि बाप्पा, जाळायचा विचार तर मुळीच करू नका.