पहिल्यांदा पाक करताय? एवढंच सांभाळा

साखर उसाची की बीटची, यात डोकं घालू नका. दोन्हींतून निघतं ते सुक्रोजच. नवख्याची खरी फजिती होते ती पाक पुन्हा दाणेदार झाल्यावर. माझे पहिले दोन-तीन पाक असेच दगड झाले होते, तेव्हा बिनधास्त करा.

- जाड बुडाचं पातेलं, साखर भिजेल एवढं पाणी, मंद आच. साखर पूर्ण विरघळेपर्यंत उकळी येऊ देऊ नका. घाईत आच वाढवणं ही सगळ्यांची पहिली चूक.
- उकळी फुटली की चमचा बाजूला ठेवा. ढवळताना कडेचा एखादा दाणा आत पडला तरी त्याच्याभोवती साखर धरायला लागते. कडा ओल्या ब्रशने पुसत राहा.
- लिंबाचे चार थेंब टाका. आंबटामुळे थोड्या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, मग दाणे सहज धरत नाहीत.

तार (दोन बोटांत पाक ताणल्यावर निघणारा धागा; एक निघाला की एकतारी) बघायची तर थेंब आधी बशीत गार करा. उकळता पाक 100 अंशांच्या वर असतो आणि बोटाला चिकटून भाजतो (अनुभव आहे!).

कॅरॅमलच्या नादी आत्ताच लागू नका. आधी एकतारी जमू दे.