वाचकांचे प्रश्न: काडतुसे भरण्याचा प्रोग्रेसिव्ह प्रेस कसा निवडावा आणि कसा बसवावा?

उत्तरांकडे वळण्यापूर्वी कायद्याबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसे भरण्यास काही देशांत मुभा आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, मात्र विक्रीसाठी काडतुसे बनवायची झाल्यास तो लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याची निर्मिती परवान्याशिवाय करता येत नाही. पुढील उत्तरे ज्यांना कायद्याने ही मुभा आहे त्यांच्यासाठीच आहेत, आणि त्यांत बारुदाच्या मात्रांचे आकडे मुद्दामच दिलेले नाहीत. ते प्रकाशित लोडिंग पुस्तिकेतूनच घ्यावेत.

प्रश्न: मी नियमित सराव करणारा पिस्तूल नेमबाज असून आतापर्यंत सिंगल स्टेज प्रेसवर ९ मिलिमीटरची काडतुसे भरत आलो आहे. आता प्रोग्रेसिव्ह प्रेस घ्यावा असे वाटते. चार स्टेशनांचा (म्हणजे कामाच्या चार जागांचा), हाताने फिरवायचा प्रेस घ्यावा, की पाच स्टेशनांचा, आपोआप फिरणारा?

उत्तर: सिंगल स्टेज प्रेसवर एका वेळी एकच डाय (काडतुसावर एक ठरावीक काम करणारा साचा) असते. त्यामुळे प्रत्येक पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, चार-पाच वेळा तुमच्या हातातून जाते आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे आपसूक लक्ष जाते. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये पुंगळ्या शेल प्लेट या फिरत्या चकतीवर गोल बसलेल्या असतात आणि हँडल एकदा ओढले की सर्व स्टेशनांवरची कामे एकाच वेळी होतात. प्लेट भरल्यानंतर प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते. वेग वाढतो तो यामुळेच, पण तुम्हाला न मागता मिळणारी ती तपासणीही त्याच वेळी नाहीशी होते. म्हणून तासाला किती काडतुसे निघतील हा प्रश्न मी दुय्यम मानतो. पुंगळीत बारूद पडले की नाही आणि किती पडले, हे या प्रेसवर मला कसे कळेल, हा पहिला प्रश्न असावा.

डिलन ५५० हा चार स्टेशनांचा, हाताने फिरवायचा प्रेस आहे. तुम्ही फिरवल्याशिवाय त्यावर काहीही हलत नाही, त्यामुळे अडचण आली की थांबून ती शांतपणे दूर करता येते. धोकाही त्याच गुणात दडलेला आहे: प्लेट फिरवायची राहून गेली आणि हँडल पुन्हा ओढले, तर त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा बारूद पडते. डिलन ७५० किंवा हॉर्नडीचा लॉक-एन-लोड एपी हे पाच स्टेशनांचे प्रेस प्लेट आपोआप पुढे सरकवतात, त्यामुळे विसरण्यातून होणारी ही चूक त्यांवर सहसा होत नाही. मात्र ओढ अर्धवट थांबवून हँडल पुढेमागे केले, तर कोणत्या पुंगळीत काय पडले याची खात्री त्यांवरही राहत नाही.

खरा फरक पाचव्या स्टेशनाचा आहे. चार स्टेशनांवर पुंगळी मूळ मापात आणणे व प्रायमर (आघाताने पेटून बारूद पेटवणारी छोटी टोपी) बसवणे, तोंड किंचित फुलवून बारूद टाकणे, बुलेट बसवणे आणि क्रिम्प करणे (पुंगळीचे तोंड बुलेटभोवती दाबणे) ही कामे झाली की जागा संपते. पाचवे स्टेशन असेल तर बारूद टाकणे आणि बुलेट बसवणे यांच्यामध्ये बारूद तपासणारी डाय लावता येते. आरसीबीएसची लॉक-आउट डाय बारुदाची पातळी फार कमी किंवा फार जास्त आढळल्यास प्रेसच अडवते. डिलनची तपासणी यंत्रणा आवाज करून सावध करते. दोन्ही साधने ढोबळ चुका पकडतात, दशांश ग्रेनचा फरक त्यांना कळत नाही. ग्रेन हे अतिशय लहान एकक आहे: एका पौंडात ७००० ग्रेन असतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. त्यामुळे अशी डाय लावली म्हणून तराजू कपाटात ठेवून चालणार नाही.

एकाच कॅलिबरची काडतुसे मोठ्या संख्येने भरायची असल्याने तुमच्यासाठी पाच स्टेशनांचा, आपोआप फिरणारा प्रेस योग्य ठरेल असे माझे मत आहे. वारंवार कॅलिबर बदलणारे किंवा रायफलची थोडीथोडी काडतुसे काळजीपूर्वक भरणारे नेमबाज हाताने फिरवायच्या प्रेसवर अधिक समाधानी राहतात, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. प्रेसबरोबर कॅलिबर बदलण्याचा संच, म्हणजे शेल प्लेट, पुंगळी जागेवर धरणारे भाग आणि पावडर फनेल (बारूद पुंगळीत सोडणारी नळी) यांचाही विचार करावा, कारण त्याशिवाय दुसरे कॅलिबर भरता येत नाही. बहुतेक प्रेसवर ७/८ इंच व्यासाच्या, इंचाला १४ आटे असलेल्या प्रचलित डाय बसतात. डिलनचा स्क्वेअर डील बी हा त्याला अपवाद असून त्याला स्वतःच्याच डाय लागतात. पुंगळ्या आपोआप सोडणारा केस फीडर सुरुवातीला घेऊ नये. हाताने पुंगळी ठेवताना तुमचा वेग आपोआप मर्यादित राहतो आणि पहिल्या काही महिन्यांत त्याचीच गरज असते.

आणखी एक निवड प्रेसइतकीच महत्त्वाची आहे, ती बारुदाची. काही घन, जलद जळणाऱ्या पिस्तूल बारुदांची मात्रा इतकी कमी जागा व्यापते की दुप्पट पडली तरी पुंगळीत सहज मावते आणि वरून बुलेटही बसते. प्रोग्रेसिव्ह प्रेससाठी, पुस्तिकेत तुमच्या बुलेटकरिता दिलेल्या बारुदांपैकी अर्ध्याहून अधिक पुंगळी भरणारे बारूद निवडावे, म्हणजे मात्रा दुप्पट झाली तर ती बाहेर सांडेल आणि डोळ्यांना दिसेल.

प्रश्न: प्रेस घरी आला आहे. तो टेबलावर बसवण्यापासून पहिले काडतूस तयार होईपर्यंत कोणत्या क्रमाने काम करावे?

उत्तर: टेबलापासून सुरुवात करावी. पुंगळी मापात आणताना हँडलवर बराच जोर लागतो, तर बऱ्याच प्रेसवर प्रायमर हँडल पुढे ढकलताना बसतो आणि तो नीट बसला की नाही हे हाताला जाणवावे लागते. टेबल डुलत असेल तर ती जाणीव हरवते, शिवाय प्लेटवरच्या पुंगळ्यांतून बारूद सांडते. म्हणून जाड फळी, आरपार बोल्ट आणि शक्य असल्यास भिंतीला पक्के केलेले टेबल घ्यावे. प्रेसची उंची अशी ठेवावी की नेहमीच्या बसण्यातून किंवा उभे राहण्यातून मान न वाकवता बारुदाच्या पुढच्या स्टेशनावरील पुंगळीत डोकावता येईल. तिथे थेट प्रकाश टाकणारा छोटा दिवा लावावा. या दिव्याइतका स्वस्त सुरक्षा उपाय दुसरा नाही.

त्यानंतर शेल प्लेट. मधला बोल्ट सैल राहिला तर प्लेट कलते आणि प्रायमर वर राहतात. फार आवळला तर ती फिरत नाही. प्लेट अडेपर्यंत बोल्ट आवळून मग ती मोकळी फिरेल इतकाच मागे घ्यावा आणि तिथे पक्का करावा.

डाय एकेक करून बसवाव्यात आणि या टप्प्यात प्रायमर व बारूद प्रेसच्या जवळही नसावे. मापात आणणारी डाय प्लेटला जेमतेम स्पर्श करण्याच्या बेतात ठेवावी. कार्बाइडच्या कड्याची डाय असेल तर कागदाच्या जाडीइतकी फट राखावी, कारण ते कडे कठीण पण ठिसूळ असते. सरळ पिस्तूल पुंगळ्यांना कार्बाइड डायमध्ये वंगण लागत नाही. ९ मिलिमीटरची पुंगळी मात्र किंचित निमुळती असल्याने थोड्या वंगणाने हात हलका चालतो. रायफलच्या गळा असलेल्या पुंगळ्यांना वंगण अनिवार्य आहे, नाहीतर पुंगळी डायमध्ये घट्ट अडकते. पुंगळीचे तोंड बुलेट सरळ उभी राहील इतकेच फुलवावे, कारण जास्त फुलवल्यास पितळ लवकर तडकते.

बुलेट बसवण्याची खोली कॅलिपरने मोजून ठरवावी. ९ मिलिमीटर काडतुसाची कमाल एकूण लांबी १.१६९ इंच, म्हणजे २९.६९ मिलिमीटर आहे, परंतु ही केवळ वरची मर्यादा होय. तुमच्या बुलेटसाठी पुस्तिकेत जी लांबी दिली असेल ती पाळावी, कारण बुलेट जास्त खोल बसली की आतली जागा कमी होते आणि दाब झपाट्याने वाढतो. हे काडतूस चेंबरमध्ये (बॅरलमधील काडतुसाच्या जागेत) पुंगळीच्या तोंडावर टेकत असल्याने क्रिम्प फुलवलेले तोंड सरळ होईल इतकाच, टेपर पद्धतीचा हवा. बुलेटच्या खाचेत तोंड वळवणारा रोल क्रिम्प रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांसाठी असतो. प्रायमर आणि बारूद नसलेले एक नमुना काडतूस बनवून ते पिस्तुलातून काढलेल्या बॅरलमध्ये टाकून पाहावे. ते स्वतःच्या वजनाने पूर्ण आत गेले पाहिजे आणि उलटे करताच बाहेर पडले पाहिजे.

इथे नवख्यांना हमखास गोंधळात टाकणारी एक बाब आहे. एकेकट्या पुंगळीवर जमवलेली मापे सर्व स्टेशने भरल्यावर थोडी बदलतात, कारण जोर सर्व बाजूंनी आल्याने प्लेट वेगळ्या प्रकारे दबते. म्हणून डाय पक्की करणारी लॉक रिंग शेवटची आवळताना सर्व स्टेशनांवर पुंगळ्या असाव्यात आणि त्यानंतर लांबी पुन्हा मोजावी.

आता पावडर मेजर, म्हणजे बारुदाची मात्रा मोजून टाकणारे साधन. तराजू प्रमाणित वजनाने तपासून घ्यावा. बारूद हॉपरमध्ये (त्याच्या वरच्या साठवण भांड्यात) स्थिरावेपर्यंत पहिल्या दहा-पंधरा मात्रा परत हॉपरमध्येच ओताव्यात. मग प्रत्येक मात्रा वेगळी तोलावी आणि दहा मात्रा एकत्र तोलून सरासरीही पाहावी, म्हणजे चढउतार आणि मधला आकडा दोन्ही कळतात. सुरुवात पुस्तिकेतील किमान मात्रेपासूनच करावी. नंतर पहिली पुंगळी एकटीच सर्व स्टेशनांतून न्यावी, ती पूर्ण झाल्यावर दुसरी घालावी, आणि हे काही वेळा विनाअडथळा झाल्यावरच प्लेट भरावी. काम चालू असतानाही ठरावीक अंतराने एक मात्रा काढून तोलत राहावे.

प्रश्न: मध्येच हँडल अडकते किंवा प्रायमर बसताना जड जाते. अशा वेळी जोर लावावा का?

उत्तर: नाही. प्रायमरमधील मिश्रण आघातानेच पेटते आणि नळीत एकावर एक रचलेले प्रायमर हा संपूर्ण प्रेसमधील सर्वांत धोक्याचा भाग आहे. म्हणूनच चांगल्या प्रेसवर त्या नळीभोवती धातूचे जाड कवच असते. संरक्षक चष्मा घातल्याशिवाय हँडलला हात लावू नये. प्रायमर जड जात असेल तर बहुधा पुंगळी लष्करी बनावटीची असून तिच्या प्रायमरच्या खोबणीची कड दाबलेली असते, किंवा लहान व मोठ्या प्रायमरच्या पुंगळ्यांची सरमिसळ झालेली असते. .४५ एसीपी या दुसऱ्या पिस्तूल काडतुसात दोन्ही प्रकार सर्रास आढळतात. अशा पुंगळ्या आधीच वेगळ्या कराव्यात. नीट बसलेला प्रायमर पुंगळीच्या तळापेक्षा किंचित आत असतो आणि बोट फिरवून ते कळते.

हँडल अडकल्यास प्लेटवरच्या सर्व पुंगळ्या काढाव्यात आणि बारूद पडले असण्याची शक्यता असलेली प्रत्येक पुंगळी रिकामी करून पुन्हा सुरुवातीच्या रांगेत ठेवावी. कोणत्या पुंगळीत बारूद पडले होते हे आठवण्याचा प्रयत्नही करू नये. बारूद न पडलेले काडतूस केवळ प्रायमरच्या जोराने बुलेट बॅरलमध्ये अडकवून ठेवते आणि त्यामागून दुसरी गोळी झाडल्यास बॅरल फुटू शकते. रेंजवर नेहमीपेक्षा मंद आवाज आला किंवा धक्का कमी जाणवला, तर तिथेच थांबून हत्यार रिकामे करावे आणि बॅरल तपासावी.

प्रश्न: उरलेले बारूद हॉपरमध्येच ठेवले तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. काही बारुदांमुळे हॉपरचे प्लास्टिक डागाळते आणि झिजते, पण मुख्य कारण ओळख हरवण्याचे आहे: आठवड्यानंतर हॉपरमधील करडे कण कोणत्या बारुदाचे, हे पाहून सांगता येत नाही. टेबलावर एका वेळी एकच डबा असावा आणि उरलेले बारूद त्याच मूळ डब्यात परत जावे. कोणते आहे याबद्दल शंका असलेले बारूद वापरू नये, दुसऱ्या डब्यात मिसळूही नये. प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यातच ठेवावेत, बरणीत ओतू नयेत. प्रायमरच्या अवशेषांत शिसे असते, म्हणून पुंगळ्या साफ केल्यावर व काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत आणि त्या टेबलावर काहीही खाऊपिऊ नये.