किट पॉझिटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह: गोचिडाच्या जंतूचा शोध नेमका कुठे घ्यायचा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: तीन वर्षांची देशी कुत्री चिकू, पावसाळ्यात तिच्या अंगावर गोचीड निघाले, दवाखान्यातली किट टेस्ट एर्लिकिया या गोचिडातून येणाऱ्या जिवाणूला पॉझिटिव्ह आली, बाहेर पाठवलेला पीसीआर निगेटिव्ह आला आणि चिकू मात्र खाऊनपिऊन मस्त आहे. डबीत ठेवलेले गोचीड तपासले तर निकाल लागेल का, आणि मांजरीच्या पिसवांचं काय, हे तुम्हाला हवंय.

दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी बरोबर असू शकतात. २२ वर्षं पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत काम करताना, लॅब चुकली असं समजून तिसरीकडे धावणारे पालक मी सतत पाहिलेत, म्हणून हे आधी सांगतो. किट जंतू शोधतच नाही. जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं ते शोधतं, आणि ती उपचारानंतरही महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त रक्तात राहतात. पीसीआर जंतूचा डीएनए शोधतो, पण फक्त नळीत आलेल्या तेवढ्याशा रक्तात. एर्लिकिया कॅनिस मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो. आजार जुना झाला की रक्तात तो विरळ होतो आणि प्लीहेत, अस्थिमज्जेत टिकून राहतो. म्हणजे चिकूला कधीतरी संसर्ग झाला होता, हे जवळपास नक्की. तो संपलाय की दबून बसलाय, हे या दोन कागदांवरून ठरत नाही.

ते ठरवायला प्लेटलेट बघा. वरून ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्यात प्लेटलेट कमी आणि ग्लोब्युलिन (रक्तातलं एक प्रोटीन) वाढलेलं असेल, तर मी जंतू आत आहे असंच धरून चालतो. फक्त मशीनच्या आकड्यावर जाऊ नका. रक्त काढताना प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या तर मशीन त्या मोजत नाही आणि आकडा खोटा खाली येतो. काचेवर रक्त पसरून कोणीतरी डोळ्यांनी बघितलंय का, हे विचारा.

काचेवर जंतू दिसला तर प्रश्नच मिटतो. मोनोसाइटच्या पोटात जांभळट ठिपक्यांचा पुंजका दिसतो, त्याला मोरुला म्हणतात. तुतीच्या फळासारखा दिसतो म्हणून हे नाव. पण भर तापातल्या कुत्र्यांतही तो फार थोड्यांच्या काचेवर सापडतो. कानाच्या टोकाचं रक्त घेतलं, किंवा रक्त फिरवून वर येणारा पांढऱ्या पेशींचा थर पसरला, तर शक्यता वाढते. ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस हा गोचिडाचा दुसरा जिवाणू तर प्लेटलेटमध्येच राहतो आणि साधारण १० ते १४ दिवसांच्या फेऱ्यांनी रक्तात येतो-जातो. आज काच स्वच्छ निघाली म्हणून तो नाहीच, असं मी कधी लिहून देत नाही.

नवीन संसर्गात चित्र उलटं असतं. गोचीड चावल्यानंतर ८ ते २० दिवसांत ताप येतो, प्लेटलेट घसरतात, पण प्रतिपिंडं अजून पुरेशी तयार नसल्यानं किट निगेटिव्ह येऊ शकतं. तेव्हा पीसीआरचाच उपयोग. आणि त्याचं रक्त डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी काढायला हवं. एका जर्मन शेफर्डचं रक्त आमच्याकडे औषध सुरू होऊन सहा दिवसांनी आलं. पीसीआर निगेटिव्ह आला, घरच्यांनी ‘हा आजारच नाही’ म्हणून गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी त्याच्या नाकातून रक्त येऊ लागलं. ती केस मी विसरलेलो नाही. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत द्या. हिरव्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं हेपरिन पीसीआरला आड येतं. आणखी एक: बबेसिया हा जिवाणू नाही, लाल पेशींतला परजीवी आहे, पण त्यालाही आपल्याकडे ‘गोचीड ताप’च म्हणतात. तो वेगळा तपासायला सांगा, कारण डॉक्सीसायक्लिननं तो जात नाही.

आता डबीतले गोचीड. चिकूच्या अंगावरून काढलेल्या, रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडात एर्लिकियाचा डीएनए सापडला, तरी तो गोचिडाचा की त्यानं प्यायलेल्या चिकूच्या रक्तातला, हे कसं सांगणार? भिंतीच्या फटीत सापडलेला चपटा, भुकेला गोचीड खरी साक्ष देतो. एर्लिकिया कॅनिस मादीकडून अंड्यांत जात नाही, पण पिल्लावस्थेत घेतलेला जंतू कात टाकल्यावरही गोचिडात टिकतो. असा भुकेला गोचीड पॉझिटिव्ह आला, तर घरातले गोचीड जंतू बाळगून आहेत हे कळतं. पाठवायचेच असतील तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये पाठवा, फॉर्मलिनमध्ये नको. फॉर्मलिननं डीएनए खराब होतो. चिकूवर उपचार करायचे की नाही, याचं उत्तर मात्र गोचिडातून मिळणार नाही. तो खर्च मी तिच्या रक्तावर करीन.

पिसवांचंही तसंच. मांजरांच्या पिसवांच्या विष्ठेत बार्टोनेला हेन्सेली हा जिवाणू असू शकतो. ती विष्ठा नखांत अडकते आणि ओरखड्यातून माणसात जाते. मांजर बहुधा आजारी दिसत नाही, आणि जंतू रक्तात अधूनमधूनच येतो. त्यामुळे एक निगेटिव्ह पीसीआर फारसं सांगत नाही. निरोगी मांजरीची तपासणी मी सुचवणार नाही, पिसवा घालवा. (पिसवांवरून माग काढण्याचं काम मुंबईनं फार आधी पाहिलंय. गेल्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगच्या संशोधकांनी बाधित घरांत गिनीपिग मोकळे सोडले आणि त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा गोळा केल्या. मला अजूनही ती युक्ती विलक्षण वाटते.)

घरात लहान मुलं आहेत असं तुम्ही लिहिलंय. कुत्र्यांवरचा हाच तपकिरी गोचीड रिकेट्सिया कोनोरी हा जंतूही वाहतो आणि त्यातून माणसांना टिक टायफस हा ताप होतो. म्हणून गोचीड नखांनी चिरडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. मुलाला ताप आला, तळहात-तळपायांवर पुरळ दिसलं, तर घरात गोचीड होते हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. अशा संशयात डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात, आणि तेच योग्य आहे.

या आठवड्यात चिकूचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), काचेसकट, आणि प्रोटीनची तपासणी करून घ्या. आकडे इथे टाका. किट मात्र पुन्हा करू नका, ते अजून बराच काळ पॉझिटिव्हच येईल.